चैतालीच्या वाटणीची नळी

आप्पांनी राजूला अडीच किलो मटण आणायला पाठवलं आणि वर "नळ्या चारपेक्षा कमी असल्या तर पिशवी परत देऊन ये" असं बजावलं, तेव्हाच आशाने ओळखलं की हा पाहुणचार नव्हे. सासऱ्यांनी परीक्षा मांडली होती. परीक्षेला बसणार होते हरसूलहून येणारे पाहुणे, आणि नापास होणार होती तिची पोरगी.

राजू नेहमीप्रमाणे "बघू" म्हणाला आणि पिशवी घेऊन गेला. आशाच्या नवऱ्याचा हा आवडता शब्द. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, पण त्याने नक्की काय बघितलं ते आशाला अजून कळलं नव्हतं.

पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत घरात सगळं सुरळीत होतं. निदान तसं दिसत तरी होतं. चैतालीने मटण सोडलं होतं, आणि ही गोष्ट फक्त दोघींना ठाऊक होती, चैतालीला आणि तिच्या आईला. दर रविवारी आप्पा स्वतः रस्सा करायचे, स्वतः वाढायचे आणि पहिली नळी नातीच्या ताटात ठेवायचे. पोरगी दीड वर्षाची होती, दात पुरते आले नव्हते, तेव्हा आप्पांनी नळी ताटाच्या काठावर टक टक आपटून आतला गर तिच्या जिभेवर ठेवला होता. पोरीने डोळे मिटून मिटक्या मारल्या. त्या दिवसापासून या घरात पहिली नळी चैतालीची. आता ती सव्वीस वर्षांची झाली, नाशिकच्या अंबड भागात औषध कारखान्यात तपासणीच्या कामाला लागली, तरी आप्पांची टकटक एकाही रविवारी चुकली नव्हती.

आप्पांची पाठ वळली की ती नळी आशाच्या ताटात यायची. मागोमाग फोडीही यायच्या. मायलेकींचे हात इतके सरावले की शेजारी जेवणाऱ्या राजूलाही पत्ता लागला नाही. बघू म्हणणारा माणूस, त्याला काय दिसणार! आशाचं वजन मात्र वर्षभरात साडेचार किलोंनी वाढलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, खाण्यात काही बदल झालाय का? आशा म्हणाली, छे.

मग किशोरने घोळ घातला. किशोर म्हणजे आशाचा धाकटा दीर. द्वारका चौकात त्याचं बॅटऱ्यांचं दुकान. समोरच 'शुद्ध शाकाहारी' अशी हातभर पाटी लावलेलं हॉटेल आहे. त्या हॉटेलातून त्याला चैताली एका तरुणाबरोबर बाहेर पडताना दिसली, आणि पोटात काही ठेवायचं नाही हा किशोरचा जुना आजार. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या देखत तो म्हणाला, "आप्पा, तुमची नात पनीरवर गेली बरं का. जावई शाकाहारी दिसतोय."

त्याने गंमत केली होती. आप्पांच्या हातातली पळी मात्र पातेल्यावर तशीच थांबली.

"चैताली, तू मटण सोडलंस?"

"हो, आप्पा."

"कधीपासून?"

चैतालीने आईकडे पाहिलं. निमिषभरच पाहिलं. खरं उत्तर दिलं असतं तर पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग इतके दिवस माझ्या नळ्या गेल्या कुठे? पोरीने आईला वाचवलं.

"झाले थोडे दिवस," ती म्हणाली.

"त्या पोरासाठी?"

"नाही. मला नको वाटतं म्हणून."

"नको वाटतं म्हंजी? दुखतं का काय? कुणी बुवाबाबा भेटला?"

"काही नाही, आप्पा. ताट समोर आलं आणि नको वाटलं. दुसऱ्या वेळीही नको वाटलं. एवढंच."

"एवढ्यासाठी कुणी मटण सोडतं व्हय!" आप्पा उठले, हात धुतले, आणि त्या दिवसापासून नातीशी बोलले नाहीत. नातही त्यांचीच. तिनेही बोलणं टाकलं. आशा दोघांच्या मध्ये ताटं वाढत राहिली आणि तोंड मिटून राहिली. एक वाक्य बोलली असती तर सगळं सुटलं असतं, हे तिला पहिल्या दिवसापासून कळत होतं. पण ते वाक्य म्हणजे, 'आप्पा, वर्षभर तुम्हाला तुमच्याच पंक्तीत मी फसवलं.' ते काही तिच्या तोंडातून निघेना.

आप्पांच्या रागाला नुसता हेका म्हणावं असंही नव्हतं. ज्याला तो राग समजून घ्यायचा आहे त्याने हे घर रस्त्यावरून बघावं. कॉलनीतल्या सगळ्या घरांची बैठकीची खोली पुढे आणि स्वयंपाकघर मागे. या एकाच घराचं स्वयंपाकघर रस्त्यावर, आणि त्याला चांगली चार फुटांची खिडकी. आशा लग्न होऊन आली तेव्हा तिला वाटलं, गवंडी चुकला असेल. सासूबाईंनी, शकुबाईंनी, तिला एकदा सांगितलं की गवंड्याची चूक नाही, तुझ्या सासऱ्याचा हुकूम आहे.

शहात्तर साली आप्पा सिन्नरकडच्या खेड्यातून शकुबाईंना घेऊन नाशिकला आले. खोलीमालकाने जात विचारली नाही, फक्त "खाता का?" एवढंच विचारलं. त्या एका प्रश्नात त्याला सगळं कळणार होतं. आप्पा म्हणाले, "नाही खात." दोन महिने ते खोटं निभावलं. मग राजूच्या वेळचे दिवस गेले आणि शकुबाईंना सुकटीचे डोहाळे लागले. दारं-खिडक्या लावून, फटींत चिंध्या कोंबून त्यांनी मूठभर सुकट तव्यावर परतली. सुकटीचा वास कुठे चिंध्यांना ऐकतो? संध्याकाळी ट्रंक रस्त्यावर, ट्रंकेवर पोटुशी शकुबाई, आणि गल्ली बघायला उभी. अशा तीन खोल्या सोडाव्या लागल्या. पुढे स्वतःचं घर बांधलं तेव्हा आप्पांनी चुलीचं तोंड रस्त्याकडे केलं. शकुबाई जाऊन सहा वर्षं झाली, पण रविवारी ती खिडकी आजही बंद होत नाही.

अशा माणसाच्या नातीने मटण सोडलं होतं. आप्पांच्या हिशेबी याचा अर्थ एकच, पुन्हा कुणीतरी "खाता का?" विचारलं होतं आणि त्यांची पोर "नाही खात" म्हणाली होती.

"ज्या घरात जायला पोरीला आधी ताट बदलावं लागतंय, त्या घरात माझी पोर जायची नाय," चैतालीला त्याच तरुणाशी, हर्षलशी, लग्न करायचंय हे कळल्यावर त्यांनी राजूला सांगून टाकलं. "बोलवा त्यांना. मी रस्सा करतो. खाल्ला तर पुढचं बोलू. नाय खाल्ला तर चहा पाजून वाटंला लावू."

*

पाहुणे दोघेच आले. हर्षलचे वडील झुंबर आणि आजी कुसाबाई. हर्षलची आई तो आठ वर्षांचा असतानाच गेली, त्याला या आजीनेच वाढवलं. खुद्द हर्षलची त्या दिवशी कामावर सकाळची पाळी होती. तो चैतालीच्याच कारखान्यात, यंत्रांच्या देखभालीला. दुपारी परस्पर येतो म्हणाला होता. किशोरने स्टँडवरून दोघांना गाडीत घालून आणलं. आपल्या एका गमतीचं काय होऊन बसलं या जाणिवेने तो गेले पंधरा दिवस मिळेल ते काम अंगावर घेत होता.

आशा खिडकीतून बघत होती. खोबरं, कांदा भाजून आप्पांनी वाटण केलं होतं, घरचा काळा मसाला घातला होता, आणि रश्श्याला अशी तर्री आली होती की वास गल्लीच्या टोकापर्यंत गेला असणार. फाटकापाशी झुंबर एकदम थबकला. त्याने आईकडे पाहिलं. कुसाबाईंनी पदर तोंडाला लावला.

वास सहन होत नाही यांना, आशा मनात म्हणाली. संपलं.

"जय भीम," झुंबर दारातून म्हणाला.

"जय भीम. या," आप्पा म्हणाले. आवाजात अगत्य होतं, डोळ्यांत पोलीसपाटील.

पाणी झालं, चहा झाला. कुसाबाईंनी पिशवीतून नागलीचं पीठ आणि हातसडीचे तांदूळ काढून आशाच्या हातात दिले. म्हातारी काटक, बारीक, बोलायला मोकळी वाटत होती, पण बोलताना जपून पावलं टाकत होती.

"आमचं खाणं लय साधं बाई," ती विचारलं नसताना म्हणाली. "वरणभात. भाजी. कवा नागलीची भाकर."

"व्हय व्हय," झुंबरने री ओढली. "भाजीच."

आप्पांनी राजूकडे पाहिलं. राजूने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"पाऊसपाणी कसं होतं यंदा?" राजूने विचारलं.

"बरं होतं. भात निघाला. नागली थोडी कमी झाली."

"कोंबड्या पाळता का?" आप्पांनी मधेच विचारलं.

झुंबर गडबडला. "हायेत चार. म्हंजी, अंड्यापायी. म्हंजी अंडीबी इकतोच आम्ही."

एवढ्यात चैतालीचा फोन वाजला. बदली माणूस आला नव्हता, हर्षलला निघायला अजून तास लागणार होता. तुम्ही जेवायला बसा, थांबू नका, असा त्याचा निरोप. आशाला वाटलं, थांबू या. तो मुलगा समोर असला की काहीतरी मार्ग निघेल. पण आप्पा पानातले पदार्थ जागेवर आहेत का ते बघावं तसे पाहुण्यांकडे बघत उठले आणि म्हणाले, "पानं घ्या."

सतरंजी अंथरली. आप्पांनी पातेलं स्वतः उचलून आणलं. नियम असा की पाहुणा असला तरी पहिली नळी चैतालीची. पण चैताली आत भाकरी थापत होती आणि गेले दोन रविवार आप्पांनी नळी कुणालाच वाढली नव्हती, पातेल्यातच ठेवली होती. आज त्यांनी पळीत सगळ्यात मोठी नळी घेतली, कुसाबाईंच्या ताटावर धरली आणि थांबले.

"वाढू?"

कुसाबाईंची नजर त्या नळीवर होती. नळीच्या टोकाला पांढरट गर दिसत होता आणि तर्री ओघळत होती. म्हातारीने आवंढा गिळला.

"नाय दादा," ती हळूच म्हणाली. "आम्ही नाय खात."

"तुम्ही?" आप्पांनी झुंबरला विचारलं.

"आम्ही नाय खात," झुंबर ताटाकडे बघत म्हणाला.

आप्पांनी नळी परत पातेल्यात सोडली. एक छोटासा आवाज झाला, पण आत उभ्या असलेल्या आशाला तो ऐकू आला.

"आशा," आप्पांनी हाक मारली. रागावले असते तर बरं, असा थंड आवाज होता. "पाव्हण्यांना वरणभात वाढ. तूप वाढ. पोटभर जेवू दे. किशोर, जेवण झाल्यावर स्टँडवर सोडून ये." आणि मग, "विषय संपला."

चैताली तव्यावरची भाकरी उलटायची विसरली. ती रडली नाही. पिठाच्या हातांनी ओट्याची कड धरून उभी राहिली आणि म्हणाली, "आई, हे काय? मी निदान..." आणि तिचा आवाज गेला.

पोरीचा गेलेला आवाज ऐकला आणि आशाला स्वतःची इतकी लाज वाटली की भीतीला जागाच उरली नाही. तिने गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि बाहेर जाऊन सासऱ्यांसमोर उभी राहिली.

"आप्पा, वर्षभर तिच्या नळ्या मी खाल्ल्यात."

"आं?"

"तिने मागच्या वर्षी फेब्रुवारीत सोडलं. थोडे दिवस नाही, वर्ष झालं. तुम्ही वाढायचात आणि तुमची पाठ वळली की ती माझ्या ताटात टाकायची. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मीच तिला म्हटलं, सांगू नकोस. परवा ती खोटं बोलली ती माझ्यासाठी." आशा एका दमात बोलत होती, थांबली तर पुन्हा सुरू करता येणार नाही म्हणून. "आणि हर्षल कामाला लागला ऑगस्टमध्ये. ऑगस्टमध्ये, आप्पा! फेब्रुवारीत हिला तो माहीतसुद्धा नव्हता. त्याच्यासाठी कशी सोडेल?"

राजू बायकोकडे असा बघत होता, जणू सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्याने काहीतरी बघितलं.

"बावन्न रविवार?" आप्पांनी अखेर विचारलं.

"मधे दोनदा मी माहेरी होते. तेव्हा ह्यांच्या ताटात गेली."

"माझ्या?" राजू म्हणाला.

किशोरला हसू फुटलं, त्याने ते खोकल्यात घातलं. आप्पा हसले नाहीत. खांदे थोडे उतरले, एवढंच. पण मग त्यांनी पाहुण्यांकडे बोट केलं. "पण ही माणसं तर खात नाय. आज नसंल सोडलं यांच्यापायी, उद्या कायमचं बंद व्हईल. लपून एक अंडं खायची चोरी व्हईल हिच्या पोरांना."

तेव्हा कुसाबाईंनी ताट पुढे सरकवलं आणि कपाळावर हात मारला.

"दादा, खोटं बोललो आम्ही."

"आई!" झुंबर कळवळला.

"गप रं. हितं एक बाई सासऱ्याम्होरं उभी ऱ्हाऊन खरं बोलली, मला का धाड भरलीय?" म्हातारीने पदर सावरला. "आम्ही समदं खातो दादा. कोंबडं खातो, बोकड खातो, खेकडं खातो. तुमच्या फाटकातच तोंडाला पाणी सुटलं म्हणून पदर लावला मी. आमच्या हर्षलनं सांगितलं, पोरगी मटण खात नाय. मला वाटलं घरच तसलं असंल. दोन गावठी कोंबड्या आणणार व्हते, पायबी बांधले व्हते, त्या सोडल्या माघारी."

"पण मटण समोर दिसलं की!" किशोरला राहवेना.

"दिसलं तवा तर आणखीन भ्यालो! म्हटलं, पोरीनं सोडलंय आन् म्होरं मटण ठिवलंय, म्हंजी आपली पारख करत्यात. हात लावला का गेलं." तिचा आवाज एकदम बारीक झाला. "बिनआईचं पोर हाय. त्याच्या मनासारखं एक जमत व्हतं. आपल्या जिभंपायी मोडलं, असं नको व्हायला. एवढ्यापायी म्हणलो, नाय खात."

आप्पा सावकाश खाली बसले. पातेल्याच्या शेजारीच, पळी मांडीवर घेऊन. त्यांच्या स्वच्छ रविवारच्या धोतरावर तर्रीचा डाग पसरला आणि त्यांना कळलंही नाही.

"मीबी म्हणलो व्हतो," ते म्हणाले. "एकदा. एका दारात. नाय खात."

पाहुण्यांना त्यातलं ठाऊक नव्हतं, पण कुसाबाईंनी मान हलवली. तिच्या वयाच्या माणसाला अशी दारं सांगावी लागत नाहीत.

"त्या दिवशी ठरवलं व्हतं," आप्पा पुढे म्हणाले, "माझ्या दारात कुणाला असं म्हणायची पाळी येऊ द्यायची नाय. म्हणून ती खिडकी. आन् आज माझ्याच दारात, माझ्या भ्यानं, दोन माणसं..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग मोठ्याने हाक मारली, "चैताली!"

चैताली दारात आली. गालाला पीठ लागलेलं, डोळे लाल. पंधरा दिवसांनी आजोबांच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकत होती.

"हिकडं ये. खरं सांग. कुणी म्हणलं नव्हतं तुला, सोड म्हणून?"

"नाही, आप्पा."

"हापिसात कुणी नाक मुरडलं?"

"नाही."

"लाज वाटती आपल्या खाण्याची?"

"आप्पा!" ती एवढ्या जोरात म्हणाली की झुंबर दचकला. "डब्यात सुकट नेते मी मैत्रिणींसाठी. आईने केलेली. सगळ्यांच्या मधे उघडते. मला खावंसं वाटत नाही, बास. वास मला अजून आवडतो. आज सकाळपासून वास घेतेय."

आप्पा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी सैल होत गेलं. आशाने सासऱ्यांना असं बघितलं होतं ते सासूबाईंच्या आजारपणात, एकदा ताप उतरला होता तेव्हा.

"आपल्या खानदानात आजवर कुणी मनानं सोडलं नाय," ते म्हणाले. "मिळालं नाय म्हणून खाल्लं नाय. नायतर दुसऱ्यानं खाऊ दिलं नाय म्हणून. समोर पातेलं भरलंय, कुणी अडवत नाय, आन् नको म्हणती! अशी तू पयलीच." आणि ते खरोखर हसले. "लयच माजलीस गं पोरी."

चैताली त्यांच्या शेजारी बसली आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. पंधरा दिवसांचं होतं, जरा वेळ लागला. आशा भिंतीला टेकून उभी होती. तिला एकदम पाय दुखत असल्याची जाणीव झाली. डोक्यावरची पाटी कुणीतरी उतरवून घेतल्यासारखं वाटत होतं आणि भूकही लागली होती, चांगली सणसणीत.

"पण मी सांगितलं होतं तुम्हाला," चैताली नाक ओढत म्हणाली. "नको वाटतं म्हणून."

"सांगितलं व्हतं," आप्पा म्हणाले. "मला ऐकू गेलं नाय."

कुसाबाईंनी घसा खाकरला. "दादा, ती नळी..."

"अरे देवा," राजू म्हणाला, आणि घरातल्या सगळ्यांच्या आश्चर्याला पार उरला नाही, कारण त्याने उठून पळी स्वतःच्या हातात घेतली आणि वाढलं.

दीड तासाने हर्षल आला. कामावरचे बूट दारात काढताना त्याच्या तोंडावर घाम होता. वाटभर त्याने बोलायची तयारी केली असावी. आत आला तर आजी नळी ताटावर आपटत होती, वडील तिसरी भाकरी चुरत होते, आणि चैतालीचे आजोबा त्याच्या वडिलांना खेकड्यांचा भाव विचारत होते.

"आप्पा, मला तुम्हाला एक सांगायचंय," तो उभ्या उभ्याच म्हणाला. "मी खातो. चैताली नाही खात. आमच्या घरी तिला कुणी खा म्हणणार नाही, आणि..."

"बरं बरं," आप्पा म्हणाले. "हात धू आधी. रस्सा निवतोय."

*

पुढच्या रविवारी आप्पा सकाळीच पिशवी घेऊन बाहेर पडले आणि एवढ्या उशिरा आले की आशा दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. मटण होतंच. शिवाय हातभर लांब शेवग्याच्या शेंगांची जुडी होती. मागच्या गल्लीतल्या मास्तरांच्या झाडाच्या, स्वतः उभं राहून उतरवून घेतलेल्या.

वाटण परतून झालं, तेल सुटलं, काळा मसाला पडला. इथे एरवी मटण जायचं. आप्पांनी हात आखडला.

"आशा, ते छोटं भगुनं दे."

त्यांनी परतलेला मसाला चार पळ्या भरून छोट्या भगुन्यात काढला आणि मगच मोठ्या पातेल्यात मटण टाकलं. छोट्या भगुन्यात पाणी गेलं, शेंगा गेल्या. दोन्ही रस्से शेजारी शेजारी रटरटू लागले, खिडकी सताड उघडी. "तिचा वाटा मटणाच्या आधी काढायचा," त्यांनी सुनेला समजावलं. "ध्यानात ठेव. उद्या मी नसलो तर तू इसरशील."

"तुम्ही कुठे चाललात?"

"कुठं नाय. शेंगा शिजल्या का बघ."

पानं मांडली. राजू बसला, चैताली बसली, आशा बसली. आप्पांनी छोटं भगुनं हातात घेतलं, त्यातली सगळ्यात लांब शेंग शोधून काढली, आणि कुणालाही वाढायच्या आधी चैतालीच्या ताटाशी वाकले. पंचवीस वर्षांची सवय. शेंग ताटाच्या काठावर दोनदा आपटली. शेंगेचा कसला आवाज येणार, नुसता रस्सा उडाला, थेट आशाच्या हातावर.

"चोखून खायची," आप्पा म्हणाले. "टाकायची नाय. आन् तिकडं सरकवायची तर अजिबात नाय. तुझ्या आईला ह्या घरात आजपासून एकाच माणसाचं मिळंल."

चैतालीने शेंग तोंडात धरली, ओढली आणि डोळे मिटले.